वादळ आलं की हप्ता थांबवा: बार्बाडोसच्या मिया मॉटली नेमकं काय मागतायत?

२९ जून २०२४ची रात्र आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. बार्बाडोसचं केन्सिंग्टन ओव्हल, सूर्यकुमारचा बाउंड्रीवरचा तो कॅच, ७ रननी मॅच जिंकली आणि रोहितच्या हातात वर्ल्ड कप. पण त्यानंतर काय झालं आठवतंय का, टीम परत येईना. बेरिल नावाचं चक्रीवादळ येत होतं, विमानतळ बंद, अख्खी टीम हॉटेलात अडकली आणि आपण इकडे टीव्हीवर बघत बसलो की हे लोक येणार कधी. शेवटी ४ जुलैला आले आणि मरीन ड्राइव्हवर जे झालं ते सगळ्या जगाने बघितलं.

त्या तीन-चार दिवसांत बातम्यांमध्ये एक बाई दिसायच्या, विमानतळ कधी सुरू होईल ते पत्रकारांना सांगणाऱ्या. त्या बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली. हवामान परिषद असो की संयुक्त राष्ट्रसंघ, त्यांचं नाव परत परत येतं आणि सोबत "ब्रिजटाऊन इनिशिएटिव", "क्लायमेट फायनान्स", "डेट क्लॉज" असे शब्द येतात, जे वाचून बहुतेक लोक पुढच्या बातमीवर जातात. मला वाटतं तसं जाऊ नये, कारण त्या जे मागतायत ते कर्ज काढून शेती केलेल्या कुठल्याही माणसाला पाच मिनिटांत कळेल असं आहे.

## आधी बार्बाडोस म्हणजे केवढं ते बघू

क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढं होतं त्याहूनही लहान. लोकसंख्या २ लाख ८० हजारच्या आसपास, २०११च्या जनगणनेत आपल्या जालना शहराची होती साधारण तेवढी. एवढ्याशा बेटाने सोबर्स, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, मार्शल, गार्नर दिले हे क्रिकेटवाल्यांना सांगायला नको. इंग्रजांनी इथे उसाचे मळे उभे केले, आफ्रिकेतून गुलाम आणून राबवलं, ३० नोव्हेंबर १९६६ला देश स्वतंत्र झाला. आता कमाई मुख्यतः पर्यटनावर आणि बरंचसं अन्न, इंधन, औषधं बाहेरून येतं. बाहेरून आणायचं म्हणजे डॉलर लागतात, आणि डॉलर येतात पर्यटकांकडून, त्यामुळे पर्यटक थांबले की सगळंच अडतं.

## या मॉटलीबाई कोण?

जन्म १ ऑक्टोबर १९६५, म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षभराच्या होत्या. घरात राजकारण आधीपासून, आजोबा अर्नेस्ट मॉटली हे राजधानी ब्रिजटाऊनचे पहिले महापौर, वडीलही वकील आणि खासदार. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून कायदा शिकून त्या परत आल्या. १९९१ला पहिली निवडणूक थोडक्यात हरल्या, १९९४ला जिंकल्या आणि लगेच २९व्या वर्षी शिक्षणमंत्री झाल्या. तेव्हा शाळांमध्ये कॉम्प्युटर नेण्याचा एज्युटेक नावाचा मोठा कार्यक्रम त्यांच्या खात्याने हाती घेतला. २००१मध्ये ॲटर्नी जनरल, त्या पदावरच्या पहिल्या महिला, मग २००३मध्ये उपपंतप्रधान.

पण रस्ता सरळ नव्हता. २००८मध्ये त्यांचा पक्ष, बार्बाडोस लेबर पार्टी, हरला. त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या आणि २०१०मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांनी त्यांना त्या जागेवरून काढलं. तिथे अनेकांनी नवा पक्ष काढला असता, त्या राहिल्या. २०१३ला पक्ष परत हरला तेव्हा नेतृत्व पुन्हा त्यांच्याकडे आलं आणि २४ मे २०१८च्या निवडणुकीत त्यांनी संसदेतल्या ३०पैकी ३० जागा जिंकल्या. दुसऱ्या दिवशी शपथ घेतली, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. जानेवारी २०२२मध्ये परत ३०पैकी ३०.

## आणि तिजोरी उघडली तर काय?

एवढं दणदणीत जिंकून आल्या खऱ्या पण हातात आलेली तिजोरी जवळजवळ रिकामी होती. आता इथे एकच आकडा समजून घ्या. देशाची वर्षभराची एकूण कमाई म्हणजे जीडीपी असं ढोबळमानाने धरू, आणि सरकारचं कर्ज त्या कमाईच्या किती टक्के हे बघतात. बार्बाडोसचं कर्ज थकलेली देणी धरून जवळपास १७५ टक्के झालं होतं. म्हणजे घरात वर्षाला ४ लाख येतात आणि डोक्यावर ७ लाखांचं देणं, वर ४ लाख सगळे सरकारच्या हातात येत नाहीत, कर म्हणून येतो त्यातला एक हिस्साच. डॉलरचा साठा एवढा घटला होता की जेमतेम काही आठवड्यांची आयात भागली असती. दक्षिण किनाऱ्यावर हॉटेलांच्या भागात तर सांडपाण्याची लाईन तुंबून मैला रस्त्यावर येत होता, आणि हा देश जगतो पर्यटकांवर!

शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता, १ जून २०१८ला त्यांनी जाहीर केलं की बाहेरच्या खाजगी सावकारांचे हप्ते आम्ही आत्ता थांबवतोय, बसून नव्याने ठरवू. असं जाहीर करणं म्हणजे बाजारात पत घालवणं, हे त्यांना माहीत होतं. पण पंधरा दिवसांनी नाइलाजाने बुडण्यापेक्षा आधीच सांगून बोलणी करणं त्यांनी निवडलं. मग ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, म्हणजे आयएमएफ, त्यांच्याकडून २९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं, देशातल्या कर्ज देणाऱ्यांशी तडजोड २०१८च्या अखेरीपर्यंत आणि बाहेरच्यांशी डिसेंबर २०१९ला पूर्ण झाली. बाहेरच्यांनी मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून साधारण चौथा हिस्सा सोडून दिला.

या वाटाघाटींमध्ये त्यांच्या सरकारने कागदात एक कलम घालून घेतलं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे कलम लक्षात ठेवा.

## वादळाचं कलम म्हणजे काय?

समजा तुम्ही विकास सोसायटीकडून पीककर्ज काढलंय. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. आता त्याच वर्षी तुम्हाला घर चालवायचंय, रब्बीचं बियाणं आणायचंय, विहिरीची मोटर वाहून गेली ती घ्यायचीय आणि त्याच वर्षी हप्ताही भरायचाय. म्हणून आपल्याकडे नुकसानीच्या वर्षी पीककर्जाचं पुनर्गठन करतात, हप्ते पुढे ढकलतात. कर्ज माफ होत नाही, फक्त भरायची तारीख सरकते. पण त्यासाठी काय काय लागतं ते गावाकडच्या प्रत्येकाला माहितीये, तलाठ्याचा पंचनामा, मग आणेवारी, मग सरकारचा निर्णय, मग बँकेचं पत्र, आणि तोवर पुढचा पाऊस येतो.

देशांचं पण हेच होतं, फक्त त्यांच्यासाठी पुनर्गठनाची अशी सोयच नव्हती. २०१७मध्ये मारिया वादळ डॉमिनिका नावाच्या बेटावरून गेलं तेव्हा एका रात्रीत झालेलं नुकसान देशाच्या जीडीपीच्या २२६ टक्के होतं, सव्वादोन वर्षांची सगळी कमाई. आणि वादळ गेल्यावर सावकार काही म्हणत नाही की राहू दे. पर्यटक येत नाहीत, कर जमा होत नाही, शाळा-दवाखान्यांचं छप्पर उडालेलं असतं आणि जुन्या कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. मग तो भरायला नवं कर्ज काढायचं, तेही जास्त व्याजाने, कारण आता तुम्ही अडलेले. कॅरिबियनमधल्या बऱ्याच बेटांवर कर्ज असं वादळागणिक साचत गेलंय, नुसत्या उधळपट्टीने नाही.

तर मॉटलीबाईंच्या सरकारने कर्जाच्या करारातच लिहून घेतलं की मोठं वादळ किंवा भूकंप झाला तर पुढची दोन वर्षं आम्ही मुद्दलही भरणार नाही आणि व्याजही भरणार नाही. थांबलेलं व्याज मुद्दलात जमा होईल आणि नंतर आम्ही ते सगळं भरू. आणि आपत्ती "मोठी" होती की नाही हे कुणी ठरवायचं? त्यासाठी मंत्र्याचा फोन लागत नाही. कॅरिबियन देशांनी २००७मध्ये एकत्र येऊन एक सामाईक विमा संस्था काढलीये, सीसीआरआयएफ. वाऱ्याचा वेग किती, कुठून गेलं, धक्का किती मोठा, यावरून ती नुकसानीचा हिशोब मांडते. तो हिशोब ठरलेल्या रेषेच्या वर गेला की कलम लागू होतं. पंचनाम्याची वाट बघायची नाही, जे काही भांडण असेल ते करार करतानाच भांडून झालेलं असतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ही कल्पना मूळ बार्बाडोसची नाही. शेजारच्या ग्रेनाडाने २००४च्या आयव्हन वादळात सगळं गमावल्यावर २०१५च्या आपल्या कर्ज तडजोडीत असं कलम पहिल्यांदा घातलं. मॉटलीबाईंचं काम हे की एका बेटाची ही युक्ती त्यांनी जगाच्या टेबलावर नेली आणि नियम करून घ्यायला लावली. २०२२मध्ये त्यांनी समुद्राच्या संरक्षणासाठी कर्जाची अदलाबदल केली, महाग कर्ज फेडून स्वस्त घेतलं आणि वाचलेल्या पैशांतून समुद्र सांभाळायचा असं, तेव्हा त्या कागदात महामारीचंही कलम आलं. कारण २०२०मध्ये त्यांनी बघितलं होतं की वादळ न येताही विमानं थांबली तर तीच अवस्था होते.

## मग बँका बुडणार नाहीत का? कुणीही उठून हप्ता थांबवेल की

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त आहे. पण बघा, पैसे बुडत नाहीत, उशिरा येतात आणि उशिराचं व्याजही मिळतं. कर्ज देणाऱ्याचं खरं नुकसान तेव्हा होतं जेव्हा देश हप्ता चुकवतो, मग तीन-तीन वर्षं वकील, बोलणी, आणि शेवटी चौथा हिस्सा सोडून द्यावा लागतो, जसं २०१९मध्ये झालं. त्यापेक्षा दोन वर्षं थांबून पूर्ण रक्कम मिळणं कुठल्याही सावकाराला परवडतं. आणि वादळ खोटं आणता येत नाही, वाऱ्याचा वेग उपग्रहाला दिसतो.

हे ऐकून काहींनी मानलं. ब्रिटनच्या निर्यात कर्ज संस्थेने नोव्हेंबर २०२२मध्ये असं कलम द्यायला सुरुवात करतो म्हणून सांगितलं. जून २०२३मध्ये पॅरिसला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन आणि मॉटलीबाईंनी पुढाकार घेतलेली मोठी परिषद झाली, तिथे जागतिक बँकेचे नवे अध्यक्ष अजय बंगा (जन्म आपल्या पुण्यातल्या खडकीचा) यांनी जाहीर केलं की छोट्या देशांना आपत्तीनंतर बँकेचे हप्ते थांबवता येतील. आधी ते नव्या कर्जांसाठी होतं, मग जुन्या कर्जांनाही लावायचं ठरलं. जागतिक बँकेसारखी संस्था हे मान्य करते ही छोटी गोष्ट नाही.

## पण बार्बाडोस तर गरीब देश नाही, मग सवलत कशाला?

याचं उत्तर रेशन कार्डात आहे. पिवळं, केशरी, पांढरं कार्ड कशावर ठरतं, उत्पन्नावर. आता समजा एखाद्याचं उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर आहे म्हणून पांढरं कार्ड मिळालं, पण त्याचं घर नदीच्या पात्राला लागून आहे आणि दर काही वर्षांनी वाहून जातं. कार्डावर नदी कुठेच लिहिलेली नसते. जगात स्वस्त कर्ज कुणाला द्यायचं हे मुख्यतः माणशी उत्पन्नावर ठरतं, त्यात बार्बाडोसला पांढरं कार्ड. म्हणून जागतिक बँकेच्या सगळ्यात स्वस्त कर्जाच्या रांगेत त्यांना उभंच राहता येत नाही आणि बाजारात जायचं तर वादळाचा देश म्हणून व्याज जास्त.

मॉटलीबाई आणि बाकी बेटांचे नेते म्हणतात की उत्पन्नासोबत धोका पण मोजा. ऑगस्ट २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने असा एक निर्देशांक मान्य केला आहे. त्यावरून खरंच कर्ज द्यायचं की नाही हे मात्र अजून प्रत्येक बँकेच्या मर्जीवर आहे.

आणि धोका वाढवला कुणी, हा प्रश्न पण आहेच. समुद्र तापतोय तो या २ लाख ८० हजार लोकांच्या धुराने नाही. १ नोव्हेंबर २०२१ला ग्लासगोच्या परिषदेत त्यांनी उभं राहून सांगितलं की तापमान २ अंशांनी वाढणं आमच्यासारख्या देशांसाठी मृत्युदंड आहे. मी ते भाषण दोनतीनदा ऐकलंय, आवाज चढवत नाहीत पण समोरचा मान खाली घालतो.

## ब्रिजटाऊन इनिशिएटिव हे काय प्रकरण आहे?

त्याच ग्लासगोच्या भाषणात त्यांनी एक हिशोब मांडला होता. श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांनी १३ वर्षांत २५ लाख कोटी डॉलर बाजारात ओतले, त्यातले ९ लाख कोटी कोविडच्या दीड वर्षात. म्हणजे इच्छा असली की पैसा उभा राहतो. मग २०२२च्या जुलैमध्ये ब्रिजटाऊनला जाणकारांची बैठक झाली आणि त्यातून मागण्यांची यादी निघाली, तिलाच ब्रिजटाऊन इनिशिएटिव म्हणतात. त्यांचे तेव्हाचे सल्लागार अर्थतज्ज्ञ अविनाश पर्सॉड यांचा त्यात मोठा वाटा.

वादळाचं कलम त्यातलंच एक. दुसरी मागणी, जागतिक बँक वगैरेंनी कर्ज देण्याची ताकद १ लाख कोटी डॉलरने वाढवावी. तिसरी थोडी किचकट आहे, एसडीआरची. एसडीआर म्हणजे आयएमएफने सभासद देशांच्या खात्यात जमा केलेली पत, गरज पडली की ती देऊन डॉलर, युरो असं खरं चलन घेता येतं. ऑगस्ट २०२१मध्ये कोविडसाठी म्हणून ६५ हजार कोटी डॉलर एवढी पत वाटली गेली. पण वाटली कशी, तर ज्याचे शेअर जास्त त्याला जास्त. सोसायटीने पुराच्या वर्षी मदत वाटायला काढली आणि ज्याचं पन्नास एकर त्याला ट्रकभर, अर्ध्या एकरवाल्याला पायलीभर, असं. निम्म्याहून जास्त रक्कम अशा देशांकडे गेली ज्यांना ती नको होती, बार्बाडोसच्या वाट्याला साधारण १३ कोटी डॉलर आले. मागणी एवढीच की पडून असलेली पत गरजूंना फिरवा. त्यातून आयएमएफने २०२२मध्ये एक नवा निधी सुरू केला, २० वर्षांच्या मुदतीचं कर्ज, पहिली साडेदहा वर्षं मुद्दल भरायचं नाही, आणि ते घेणाऱ्या पहिल्या काही देशांत बार्बाडोस होतं.

## सगळं चांगलंच केलं का त्यांनी?

नाही, आणि तिथल्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या पाहिजेत. २०१८च्या काटकसरीत सरकारी नोकऱ्या गेल्या. देशातल्याच लोकांनी, त्यात पेन्शनवर जगणारे म्हातारे पण होते, आयुष्यभराची बचत सरकारी रोख्यांमध्ये ठेवली होती, त्यांना मुदत वाढवलेले, कमी व्याजाचे नवे रोखे घ्यावे लागले. बाहेरच्या सावकाराला बसलेला फटका कागदावर दिसतो, या लोकांचा औषधांच्या बिलात दिसतो. मला हा भाग वाचताना त्रास होतो आणि दुसरा मार्ग होता का याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट ३०पैकी ३० जागांची. संसदेत विरोधकच नाही हे कुठल्याही लोकशाहीला बरं नाही. २०१८मध्ये त्यांच्याच पक्षाचा एक खासदार बाहेर पडून विरोधी पक्षनेता झाला, २०२४मध्ये पुन्हा तसंच झालं, म्हणजे विरोधी बाकासाठी पण सत्ताधारी पक्षातूनच माणूस यावा लागला. ३० नोव्हेंबर २०२१ला इंग्लंडच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून हटवून देश प्रजासत्ताक झाला, सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, पण त्यावर सार्वमत घेतलं नाही असा आक्षेप राहिलाच. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता, विचारायला हवं होतं.

कर्ज मात्र खरंच उतरलं, १७५ टक्क्यांवरून १००च्या आसपास, तेही मधे कोविड, २०२१च्या एप्रिलमध्ये शेजारच्या सेंट व्हिन्सेंटच्या ज्वालामुखीची राख आणि जुलैमध्ये एल्सा वादळ असं सगळं येऊन. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या सीरमची कोविशील्ड भारताने त्यांना पाठवली होती, १ लाख डोस. आणि तो सांडपाण्याचा प्रश्न, त्यासाठी डिसेंबर २०२४मध्ये महाग कर्ज बदलून स्वस्त घेतलं, वाचलेल्या पैशांतून दक्षिण किनाऱ्यावर पाणी शुद्ध करून परत वापरायचा प्रकल्प ठरला.

## मग ते कलम कधी वापरलं गेलं का?

हो, आणि त्याच बेरिलच्या वेळी, ज्याने आपली टीम अडकवली होती. बार्बाडोसवरून वादळ थेट गेलं नाही, दक्षिणेकडून सरकलं, तरी समुद्र एवढा उसळला की मासेमारीच्या कितीतरी बोटी फुटल्या, बुडाल्या. आपले खेळाडू हॉटेलात होते तेव्हाच, १ जुलैला, तेच वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर चढलं. तिथली जवळपास सगळी घरं मोडली किंवा छप्पर उडालेली. २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरला ज्यांनी आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा बघितल्या असतील त्यांना ते चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही.

त्या ऑगस्टमध्ये ग्रेनाडाने आपल्या रोख्यांमधलं वादळाचं कलम लागू केलं, जगात असं पहिल्यांदाच झालं. विम्याचे ४ कोटी डॉलरहून जास्त आधीच मिळाले होते. नोव्हेंबर २०२४चा हप्ता आणि मे २०२५चा हप्ता, दोन्ही पुढे गेले. कोर्टात कुणी गेलं नाही, पत बुडाली नाही, आणि ते पैसे त्या वर्षी देशातच राहिले.